पेटी साठवर

“काका, पीएच?”

“साडेसहा,” उत्तम म्हणाला. मीटर दहा दाखवत होता.

देवयानी मॅडमनी वहीत साडेसहा लिहिलं. वळून बघितलं नाही. सहा वर्षांत कधीच बघितलं नव्हतं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतली लहानशी प्रयोगशाळा. तांब्याचं खनिज दळून पाण्यात घालायचं, खालून हवा सोडायची; तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, तो फेस काढून घ्यायचा. पण नको असलेलं पायराइटही सोबत वर येतं. त्याला खाली ठेवायला बाकीचे चुना घालून पीएच दहापर्यंत चढवतात. मॅडमचे जिवाणू चुन्याशिवाय ते काम करायचे. पायराइटला बिलगायचे आणि त्याला तळाशी न्यायचे.

करायचे. शनिवारपर्यंत.

शुक्रवारी वीज बंद होती. शनिवारी उत्तमने जिवाणूंची पेटी पुन्हा चालू केली आणि टिटवाळ्याला लेकाचा नवा फ्लॅट बघायला पळाला. पेटी तीस अंशांवर ठेवायची. पण मॅडम यायच्या आधी त्याच पेटीत त्याने बावीस वर्षं खनिजाची भुकटी वाळवली होती, साठवर. हात आपसूक साठवर गेला.

सोमवारी मायक्रोस्कोपखाली एकही जीव हालत नव्हता. बघायचं कसं, ते मॅडमनीच शिकवलेलं. आणि चाचणी बघायला ठाण्याहून आलेले कंपनीचे साहेब जिना चढत होते.

त्याने घाबरून चुना टाकला. नाही. घाबरलेला माणूस चमचा सपाट करून टाकत नाही.

पायराइट मुकाट्याने खाली बसलं.

“जंतूंनी काम केलं की हो!” साहेब खूश. “ना पगार, ना सुट्टी. आमच्या युनियनला कळू देऊ नका.”

सगळे हसले. उत्तमही हसला. चुन्यापेक्षा त्या हसण्याचीच त्याला पुढे जास्त लाज वाटली.

साहेब गेल्यावर मॅडम म्हणाल्या, “काका, पूर्ण नाव सांगा. रिसर्च पेपरवर माझ्या नावाखाली तुमचं टाकतेय.”

उत्तम कोरडा ओटा पुसत राहिला.

“अहो, सांगा ना! लाजताय काय नवऱ्यामुलासारखे? तुम्हीच वाढवलंत ना त्यांना?”

“मारलेत मी ते, मॅडम. शनिवारीच. पेटी साठवर राहिलेली. आज चुना टाकलेला. पीएच दहा होता.”

त्या ओरडतील म्हणून तो मान खाली घालून थांबला. त्यांनी साहेबांना फोन लावला.

“सर, आजचा निकाल धरू नका. माझ्याकडून चूक झालीय.”

पलीकडून बराच वेळ साहेब बोलत होते. त्या “हो सर” म्हणत राहिल्या.

“तुमच्याकडून कशी, मॅडम?”

“वही माझी आहे, काका.”

तीन आठवड्यांनी नवे जिवाणू तयार झाले. पुन्हा खनिज, पुन्हा पाणी, पुन्हा हवा.

“काका, पीएच?”

“सहा पॉइंट चार.” तेवढाच होता.

मॅडमनी पेन उचललं. खाली ठेवलं. उठून मीटरपाशी आल्या.

उत्तम एक पाऊल बाजूला सरकला, त्यांना आकडा नीट दिसावा म्हणून.