शून्यावरचं मीटर

आमच्या गोदामात ऑक्सिजनच्या मशीनचा ढीग होता आणि घरात सासूबाईंना श्वास पुरत नव्हता. कोणी हसलं असतं तरी मला राग आला नसता.

आमचे हे परदेशातल्या दवाखान्यांनी काढून टाकलेली मशीन कंटेनर भरून मागवतात. माल उतरला की आमचा मेकॅनिक सगळ्यात आधी तासांचं मीटर शून्यावर आणतो. मशीन आजवर किती चाललंय ते त्यावर दिसतं, आणि मोठा आकडा दिसला की गिऱ्हाईक नाक मुरडतं. मग तो रंग मारतो, नवी नळी लावतो. त्याला बाजारात जादूगार म्हणतात आणि त्यालाही ते आवडतं.

सासूबाईंची फुप्फुसं निकामी होत चालली होती. "दिवसरात्र ऑक्सिजन लागेल," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला काय, घरचीच विहीर आहे."

ह्यांनी सगळ्यात चकचकीत मशीन घरी आणलं. दुपारपर्यंत सासूबाईंच्या ओठांवर रंग आला. संध्याकाळी बोटं निळी पडली. दुसरं आणलं, त्याचीही तीच गत. हिरवा दिवा चालू, घरघर चालू, आणि नळीतून नुसतीच हवा.

"तापलं की दम सोडतात," जादूगार म्हणाला. "हवेतून ऑक्सिजन गाळणारा आतला मसाला संपलाय."

"कमी चाललेलं कुठलं आहे ते सांग ना."

"मला काय स्वप्न पडणार, साहेब? सगळी शून्यावर आहेत."

"कुठे खूणबीण केली नाहीस?"

"तुम्हीच म्हणायचात, खूण राहता कामा नये."

ढिगात एखादं धड मशीन असणारच होतं. ते कळायला प्रत्येक मशीन दिवसभर चालवून बघायला हवं होतं, आणि एका वेळी चार लावली की गोदामाचा फ्यूज उडायचा. हे दिवसभर तिथेच घामाघूम होऊन बसायचे. मला त्यांची कीव यायची आणि संतापही यायचा, कधीकधी एकाच वेळी.

"नवं विकत आणा," मी म्हटलं. नव्या मशीनचं दुकान आमच्या स्वस्त दरापुढे टिकेना म्हणून कधीच बंद पडलं होतं. बाहेरून मागवलेलं जहाजानं यायचं, त्याला महिने लागणार होते. सासूबाईंना दवाखान्यात हलवायचं ठरलं, तर तिथल्या खाटेशेजारीही जादूगारानंच रंगवलेलं आमचंच मशीन. आम्ही त्यांना परत घरी आणलं.

त्या मात्र भेटायला येणाऱ्यांना सांगायच्या, "लेकानं स्वतः निवडून आणलंय हो." ते ऐकलं की हे उठून स्वयंपाकघरात जायचे.

एका दुपारी सासूबाई गेल्या. मशीन चालूच होतं. ते बंद करायचं बराच वेळ कोणाला सुचलं नाही.

त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई दारात आली. तिच्या नवऱ्याला तोच आजार होता.

"नका घेऊ, ताई," हे म्हणाले. "आमची मशीन चांगली नाहीत." स्वतःच्या मालाबद्दल त्यांच्या तोंडून असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

बाईनं माझ्याकडे बघितलं, मग ह्यांना म्हणाली, "भाव वाढवायचा असेल तर सरळ सांगा, दादा. करीन काहीतरी."

"भावाचं नाही हो. खरंच सांगतोय."

"मग तुमच्या आईंना लावलं होतं ते द्या. आईला काय तुम्ही वाईट लावणार आहात?"

 मीच म्हटलं, "अहो, त्या ते लावलेलं असतानाच गेल्या."

"त्यांचं वय झालं होतं, वहिनी," ती हळूच म्हणाली. ती माझी समजूत घालत होती. "आमचे तर अजून चाळिशीतसुद्धा नाहीत."

मी पुन्हा नाही म्हटलं. ती म्हणाली, दुसरीकडे कुठे जाऊ ते तरी सांगा.  तिनं कोपऱ्यातलं सासूबाईंचं मशीन ओढलं, नळी नीट गुंडाळून वर ठेवली. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पायऱ्यांवरून तिला ते एकटीला उतरवेना. दुसऱ्या बाजूनं मी हात लावला.