दहावा गडी

आमच्या लहानपणी पनवेलहून माणसं फक्त जायची. आधी मुंबईला, मग इस्रायलच्या हैफा बंदराला जाणाऱ्या बोटीवर, पुढे सांताक्रूझच्या विमानाने. मी आणि एझरादादा किती जणांना एसटी स्टँडपर्यंत पोचवायला गेलो, ते आता आठवतही नाही. कुणाला आणायला मात्र आम्ही कधी गेलो नव्हतो. म्हणून पनवेलच्याच विमानतळावर कुणाला तरी उतरवून घ्यायचं, याचंच मला अप्रूप होतं.

येणार होता माझा भाचा डॅनियल, एझरादादाचा मुलगा. तो इस्रायलमध्ये, दिमोना गावी असतो. तिथल्या आमच्या पोरांचा त्याने क्रिकेटचा संघ केला आहे. एका बाजूला सहाजण खेळतात अशा स्पर्धेसाठी ते कोलंबोला चालले होते. खेळाडू आठच, आणि डॅनियल त्यांचा प्रशिक्षक. वाटेत आमच्याकडे विमान बदलायचं होतं. दुपारी उतरून रात्री निघायचं. पण हा मुक्काम त्याने मुद्दाम या बुधवारी पाडून घेतला होता. त्या दिवशी त्याच्या आईला, माझ्या रिबकावहिनीला, जाऊन आमच्या हिब्रू पंचांगाप्रमाणे वर्ष होत होतं.

ती गेली तेव्हा डॅनियल पोचू शकला नाही. आमच्यात दफन त्याच दिवशी करतात, वाट बघत नाहीत. दादा त्याला काही बोलला नाही, पण तेव्हापासून फोनवर "मी बरा आहे" यापलीकडेही काही बोलला नाही. आता त्याला एवढंच हवं होतं की अंधार पडायच्या आत, मुलाला शेजारी घेऊन, रिबकासाठी कद्दीश म्हणता यावा. कद्दीश ही आम्हा बेने इस्रायल ज्यूंची मृतांसाठीची प्रार्थना. ती एकट्याने म्हणता येत नाही, आमच्यातलेच दहा पुरुष हजर लागतात. नऊ असले तर घरी जायचं.

नेमकं त्याच दिवशी ठाण्याला लग्न होतं आणि आमची सगळी मंडळी तिकडे निघाली होती. "एझराभाऊ, आम्ही काहीजण मागे राहू का?" असं त्यांनी विचारलं. दादा काठी आपटून म्हणाला, "खुशाल जा. माझा मुलगा माणसं घेऊन येतोय."

दादा, डॅनियल आणि आठ पोरं. दहाच्या दहा.

सकाळी दमयंती मासे घेऊन आली. ती उरणची. तिची आई माझ्या आईला मासे द्यायची, त्यामुळे खवल्यांशिवायचा मासा आमच्या दारात आणायचा नाही, हे तिला सांगावं लागत नाही.

"मावशी, पावन्यांसाठी रावस ठेवलाय बघा."

"दे. तुझा नातू अजून विमानतळावरच आहे ना?"

"हाय की. सामानाच्या गाड्या ढकलतो. जिथं त्याचा आजा जाळं टाकायचा, तिथंच. मी सांगते प्रांजलला, तुमची पोरं सोडवून आण म्हनून."

"सोडवून आणायला ती काय तुरुंगात आहेत?"

"इमानातून भाईर येनं तसंच असतंय, प्रांजलच सांगतो!"

मी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली आणि धर्मराज ड्रायव्हरच्या शेजारी बसून निघाले. दादाला कंबरेच्या दुखण्यामुळे बाहेर पडवत नाही. तो शेजारच्या कुंदनच्या रिक्षातून थेट सिनेगॉगला जाऊन बसणार होता.

विमानाला उशीर झाला. आगमनाच्या दारासमोर उभी राहून मी उलव्याकडच्या त्या सपाट जमिनीकडे बघत होते. तिथे पूर्वी डोंगर होता, आता आभाळच जास्त दिसतं. ऊन कलायला लागलं तशी मी सारखी घड्याळ बघू लागले. विमान उतरल्याचं फलकावर दिसलं, तरी दारातून कुणी येईना. व्हिसा तपासायची रांग लांबलचक होती, आणि बॅटींनी भरलेल्या लांब बॅगा कस्टमवाल्यांनी बाजूला काढायला लावल्या होत्या, असं नंतर कळलं.

शेवटी डॅनियल दिसला. केस पांढरे झाले होते. त्याने मला मिठी मारली, मग लगेच आभाळाकडे बघितलं. "आत्या, किती वेळ आहे?"

"रस्ता मोकळा असेल तर आहे. चल लवकर."

मागून निळ्या टोप्या घातलेली पोरं गाड्या ढकलत आली. पोलीस शिट्ट्या फुंकत होता, "गाडी काढा, गाडी काढा!" धर्मराज घाई करत होता. डॅनियल गाडीच्या दाराशी उभा राहिला आणि त्याने त्यांना मोजलं. म्हणजे मोजलं नाही. आमच्यात माणसांना एक, दोन, तीन करून मोजत नाहीत, नजर लागते म्हणतात. दहा शब्दांचं एक पवित्र वचन आहे, ते प्रत्येक माणसामागे एक शब्द असं म्हणायचं. वचन पूर्ण झालं की दहा झाले. दादानेच त्याला ते शिकवलेलं. डॅनियल पहिले दोन शब्द पुटपुटला, एक बाबांचा, एक स्वतःचा, आणि पुढच्या प्रत्येक शब्दाला एकेक निळी टोपी आत चढत गेली. शेवटच्या शब्दाला शेवटची टोपी. वचन पुरं झालं, दार लागलं, गाडी निघाली.

पनवेल येईपर्यंत गाडीत नुसता गोंधळ होता. पोरं हिब्रूत गात होती, मधूनच एखादा आजीकडून उचललेलं मराठी फेकत होता. "आत्याबाई, भूक लागली!" मी पुढून डबे मागे दिले.

सिनेगॉगच्या दारात दादा काठीवर रेलून उभा होता. डॅनियल त्याच्यापुढे वाकला. दादाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आधी आत चला. बोलणं मग." पोरं एकामागून एक आत गेली. शेवटचा मात्र दारातच थबकला.

"आजोबा, मीपन येऊ आत?"

दादाने चष्मा सरळ केला. "तू कोण रे?"

"प्रांजल. दमयंतीचा नातू. ड्युटी संपली, मला पनवेलपर्यंत सोडतो बोलले हे. आनि बॅगा ओढल्या म्हनून टोपी दिली."

डॅनियल गर्रकन मागे वळला. त्याने टोप्या मोजल्या होत्या. "एली कुठे आहे?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. एली, म्हणजे एलियाहू, त्यांचा यष्टिरक्षक. तो प्रवासात नेहमी मागच्या सीटवर बॅगांखाली झोपतो, म्हणून कुणी चौकशीच केली नव्हती. आता गाडीतल्या बॅगा बाजूला सारल्या, तेव्हा खाली कुणी नव्हतं.

"त्याची ग्लोव्हजची बॅग पट्ट्यावर आली नव्हती," एकजण म्हणाला. "तो विचारायला गेला होता."

प्रांजलने लगेच विमानतळावर सोबत काम करणाऱ्या पोराला फोन लावला. एली सापडला. हरवलेल्या सामानाच्या खिडकीशी बसला होता. त्याचा फोन इथे चालत नव्हता. बॅग दुसऱ्या पट्ट्यावर सापडली होती, पण कस्टमवाले ती उघडून बघत होते. त्याला बाहेर पडायला अजून अर्धा तास तरी लागणार होता.

सूर्य समोरच्या इमारतीच्या गच्चीला टेकत आला होता. अर्ध्या तासाने निघून तो इथे पोचेपर्यंत अंधार पडला असता, आणि अंधार पडला की आमचा दिवस संपतो. रिबकाचा दिवस संपला असता.

डॅनियल पायरीवर बसला. "बाबा, मी चुकलो. गेल्या वर्षी पोचलो नाही, आणि या वर्षी..."

प्रांजल हळूच म्हणाला, "आजोबा, मी उभा ऱ्हायलो तर? टोपी हाय ना माझ्याकडं."

दादा त्याच्याकडे बघतच राहिला आणि मग हसला. वर्षभरात मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. "पोरा, तुझी टोपी चालेल रे. तू नाही चालणार." मग तो माझ्याकडे वळला. "हेपू, तो आपल्याकडे यायला वेळ लागतोय ना? मग आपण त्याच्याकडे जाऊ."

"दादा, तुला घरातल्या घरात चालवत नाही. आणि रिबकाच्या नावाचा दिवा इथे आहे."

"दिवा इथे जळेल. कद्दीशला दहा माणसं लागतात, छप्पर लागत नाही. चल, उचला मला."

दोन पोरांनी आतून खुर्ची आणली आणि त्याला खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं. तो वेदनेने कण्हला, पण "थांबा" म्हणाला नाही. धर्मराजने गाडी अशी काढली की मी हन्नाबीचं नाव घेत डोळे मिटून बसले. संकटात आम्ही एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषितालाच हाक मारतो. कळंबोलीच्या पुलापाशी गाड्या तुंबल्या होत्या. प्रांजल पुढे येऊन बसला, "हितनं डावीकडं घ्या, आमचा आतला रस्ता हाय," म्हणाला आणि वस्तीतून, मिठागरांच्या जुन्या बांधाच्या बाजूने त्याने आम्हाला बाहेर काढलं.

आगमनाच्या दारासमोर गाडी थांबली तेव्हा आभाळ केशरी झालं होतं. शिट्टीवाला पोलीस धावत आला. "परत तुम्हीच? इथे थांबायचं नाही!"

"सायेब, आजीची प्रार्थना हाय," प्रांजल म्हणाला. "एक गडी आत अडकलाय. तो आला की सुरू."

पोलिसाने खुर्चीतल्या दादाकडे बघितलं, पोरांच्या टोप्यांकडे बघितलं. "कुठली टीम?"

"आमची," दादा म्हणाला.

पोलिसाने शिट्टी खिशात टाकली. मग त्याने हात करून मागची टॅक्सी दुसऱ्या बाजूला वळवली. "खांबाच्या मागे घ्या खुर्ची. आटपा लवकर."

दार उघडत होतं, मिटत होतं. माणसं येत होती, फुलं घेऊन आलेली, नावांच्या पाट्या धरलेली. एली येत नव्हता. डॅनियल पश्चिमेकडे बघत नव्हता, मुद्दाम. मी बघत होते. उरणच्या बाजूला सूर्याचा अर्धा तुकडा राहिला होता.

"आला!" प्रांजल ओरडला.

छातीशी बॅग धरून एक सडपातळ पोरगा दारात उभा होता. आपल्यावर आता सगळे ओरडणार, या भीतीने त्याचा चेहरा रडवेला झालेला. डॅनियलने त्याला हात धरून ओढतच आणलं. आणि ओरडायच्या ऐवजी त्याच्या डोक्यावरची टोपी फक्त सरळ केली.

पश्चिमेकडे, जेरुसलेमच्या दिशेला तोंड करून सगळे उभे राहिले. दादालाही उभं राहायचं होतं. डॅनियलने त्याच्या काखेत हात घातला. मला कुणी मोजत नाही, म्हणून मी जरा मागे प्रांजलच्या बाजूला उभी राहिले. सायंप्रार्थना झाली आणि दादाने सुरुवात केली. पहिल्या ओळीला त्याचा आवाज फुटला. दुसरी ओळ डॅनियलने उचलली, आणि मग बाप-लेक एकत्र म्हणू लागले. प्रत्येक थांब्याला पोरं "आमेन" म्हणत होती. दुसऱ्या-तिसऱ्या आमेनला प्रांजलही त्यांच्यात मिसळला. आमेनला मोजणी लागत नाही.

शेवटचा शब्द संपला तेव्हा विमानतळाचे दिवे लागत होते.

दादा खुर्चीत बसला. घामाघूम झाला होता. मुलाकडे नीट बघून म्हणाला, "तू बारीक झालास."

"नाही बाबा, तुम्हाला नीट दिसत नाही."

"दिसतं मला. आई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं."

डॅनियल जमिनीवरच त्याच्या पायाशी बसला. दोघं बोलत राहिले. काय, ते मी ऐकलं नाही. मी एलीला रावस आणि भात वाढत होते. आत जायची वेळ झाली तेव्हा दादाने विचारलं, "सोमवारी परतताना किती वेळ थांबणार आहात?"

"चारच तास, बाबा. बाहेर पडता येणार नाही बहुतेक. रांगेतच वेळ जाईल."

"तुम्ही पडा बाहेर," दादा म्हणाला, "मी या दारात असेन." आणि धर्मराजला हाक मारून त्याने विचारलं, येत्या सोमवारी गाडी रिकामी आहे का.