मास्तरांचे आकडे

वृद्धांच्या डे केअर केंद्राची फी भरतानाच लेकीने मनाशी ठरवलं होतं, एवढे पैसे मोजलेत तर एक तास फुकट जाऊ द्यायचा नाही. सकाळी आठच्या ठोक्याला बाबांना सोडायचं आणि व्यायाम, अंघोळ, जेवण, गाणी असं सगळं पदरात पाडून चारला घरी आणायचं. ती शहरात बस चालवायची. आठ तास बस तिच्या हाती आणि बाबा केंद्राच्या हाती, अशी साधी सोय.

पण बाबा म्हणजे मास्तर! चाळीस वर्षं लोकांचे शर्ट-पँट शिवलेला शिंपी. अलीकडे त्यांचं डोकं दगा देत होतं. दुकान विकल्याचं आठवत नसे, आणि गेले दोन महिने ते पोटच्या पोरीलाही "अहो बाई" म्हणत. ती निमूट "ओ" द्यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. केंद्रात तर त्यांनी कोपऱ्यातली खुर्चीच धरली. रंगवायला चित्र दिलं की म्हणत, "मी काय बालवाडीत आलोय?" व्यायामाला उठत नसत. परिचारिका रोजच्या वहीत लिहायची, 'सहभाग नाही. दिवसभर असंबद्ध आकडे बडबडतात.'

मदत कार्यालय अर्धी फी द्यायला तयार होतं, पण बाबांना केंद्राचा खरंच उपयोग होतोय का, हे त्यांच्या अधिकारी मॅडम आधी स्वतः येऊन बघणार होत्या. मदत नाही तर केंद्र नाही, आणि केंद्र नाही तर लेकीने नोकरी सोडून घरी बसायचं. बाबांना कुलपात ठेवून कामावर जायचं तिच्या मनातही येत नव्हतं.

गुरुवारी मॅडम आल्या. लेक दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, गणवेशातच धावत आली. मॅडमनी वही चाळली आणि चष्मा काढला.

"महिना झाला आणि नुसते आकडे? इथल्या जागेसाठी किती जण थांबलेत, माहीत आहे ना? मंजुरी देणं अवघड दिसतंय."

तेवढ्यात कोपऱ्यातून मास्तर मॅडमकडे एकटक बघत पुटपुटले, "साडेचौदा. बावीस. उजवा अर्धा खाली."

"बघा, झालं सुरू," परिचारिका हळूच म्हणाली.

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. असले आकडे ऐकत तर ती लहानाची मोठी झाली होती, कापडं बेतायच्या टेबलाखाली बसून! घरी बाबा गप्पच असत. वहीतलं ते वाक्य तिने महिनाभर वाचलं, पण कुठले आकडे, असं एकदाही विचारलं नव्हतं.

"मॅडम, ते तुमचं माप सांगतायत!"

तिने पर्समधून जुना टेप काढला. तो तिथे कसा आला, हे सांगताना तिची मान खाली गेली. पहिल्या दिवशी अर्ज भरताना तिनेच घाबरून लिहिलं होतं, 'कात्री, सुई, दोरी, टेप काहीही देऊ नये.' खाली दोन रेघाही ओढल्या होत्या. शिंप्याच्या गळ्यातला टेप काढून पर्समध्ये टाकला आणि वर तो कशात भाग घेत नाही म्हणून रडत बसली. शहाणीच ती!

मास्तरांनी टेप गळ्यात टाकला आणि कुणाचाही हात न धरता उठले. "या, उजेडात उभ्या राहा."

परिचारिकेने टेपवरचे आकडे वाचले. खांदा साडेचौदा. बाही बावीस. उजवा खांदा अर्धा इंच खाली.

"वीस वर्षं याच खांद्यावर फायलींची पिशवी वागवतेय मी," मॅडम चकित होऊन म्हणाल्या.

"मग आता डावीकडे घ्या. कोटाला मी पॅड लावून देईन, पण पाठ कोण रफू करणार?"

सगळा हॉल हसला आणि मापाला रांग लागली. तिथे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने वही ओढली आणि आकडे उतरवू लागली. रांगेतले एक पोस्टमनकाका पोट आत ओढून उभे राहिले. "सोडा," मास्तर म्हणाले, "शर्टाला खोटं चालत नाही." जे हात वर करवून घ्यायला व्यायामवाल्या बाई महिनाभर घसा कोरडा करत होत्या, ते मास्तरांच्या एका "हात वर!" सरशी वर गेले. बाई तोंडात बोट घालून बघत राहिल्या. जेवताना बांधायचे एप्रन कुणालाच नीट बसत नव्हते. सगळे नव्याने बेतायचे, असं मास्तरांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

लेकीने अर्ज मागून घेतला, 'टेप' शब्दावर काट मारली आणि शेजारी सही केली. मॅडमनी खाली लिहिलं, 'सहभाग पूर्ण. मदत मंजूर.' लेकीला तिथेच शिट्टी मारावीशी वाटली.

निघताना मॅडमनी सहज तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, "मास्तर, यांचं माप राहिलं की. या कोण?"

'बाई' हा शब्द ऐकायची लेकीने तयारी केली.

मास्तरांनी टेपला हातही लावला नाही.

"हिला टेप लागत नाही. खांदा पंधरा, बाही साडेबावीस. डावा खांदा जरा पुढे, जन्मापासून. लेक आहे माझी." मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि तिच्यावर डोळे वटारले. "तू अजून इथेच? जा, तुझी बस खोळंबली असेल. चारच्या आत मला न्यायला येऊ नकोस, काम पडलंय इथे."