सहा खळग्यांचा दांडा

मित्रांनो, मी एक जुना, गंजका आणि तुसडा लोखंडी रोलर आहे. जर्मनीतल्या एका गावाच्या कचेरीसमोर मला उभं केलंय. गावाचं नाव मी सांगणार नाही. त्या गावाला आपला विमानतळ आठवत नाही, मग मी तरी त्याचं नाव कशाला लक्षात ठेवू?

माझा जन्म १९४१ सालचा, स्टुटगार्टजवळच्या एका ओतशाळेतला. वजन दीड टन, पुढे ओकच्या लाकडाचा आडवा दांडा. गावाबाहेरच्या कुरणावर धावपट्टी सपाट करायला मला आणलं. विमानतळ कसला, नावालाच! सात विमानं, त्यातलं एक नुसतं लाकडाचं, शत्रूला फसवायला ठेवलेलं. शत्रूनं त्यावर बॉम्ब टाकायचीही तसदी घेतली नाही. पण अधिकाऱ्यांचा तोरा असा, की आकाश जणू यांच्याच मालकीचं. मला ओढायला सहा पोलिश कैदी होते. तीन वर्षं ते राबले आणि शाबासकी मिळाली मला. साहेब माझ्या पोटावर थोपटून म्हणायचा, गडी छान काम करतोय.

युद्ध संपलं आणि अख्ख्या गावाची स्मरणशक्ती गेली. हँगरच्या फळ्यांची कोंबड्यांची खुराडी झाली. मी जड, म्हणून कुरणात पडून राहिलो. १९६२ साली गावाला सातशे वर्षं झाली, तेव्हा मला उचलून आणलं, दांड्यासकट हिरवा रंग फासला, डोक्यावर फुलांच्या कुंड्या मांडल्या आणि पाटी लावली : ‘शेतीचा जुना रोलर, घोड्यानं ओढायचा.’ मजकूर शाळामास्तर क्नोल यांचा. गावाचा इतिहासही तेच लिहीत होते. सातशे वर्षांपूर्वीची पाणचक्की त्यांना सापडली, सतरा वर्षांपूर्वीचा विमानतळ काही सापडला नाही.

त्याच वर्षी नव्या शाळेसाठी कुरणाची माती तपासायला श्रीपाद आला. मूळचा पुण्याचा, स्टुटगार्टला पीएचडी करणारा. तो आणि त्याची बायको वसुधा मास्तरांकडेच भाड्यानं राहत. मास्तरांना पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद. एकदा पोलंडचं तिकीट मिरवायला त्यांनी अख्खं पाकीटच श्रीपादच्या हातात दिलं. आत हेलेना नावाच्या बाईनं मोडक्या जर्मनमध्ये लिहिलेलं पत्र होतं. तिच्या भावाचं, स्टानिस्लावचं, शेवटचं कार्ड याच गावातून आलं होतं. विमानतळावर रोलर ओढतो, असं त्यात होतं. तो इथंच होता का, एवढंच तिला हवं होतं. मास्तरांचं उत्तर तयार होतं : या गावात विमानतळ कधीच नव्हता. ब्युर्गरमाइस्टरची, म्हणजे इथल्या सरपंचाची, सही तेवढी बाकी होती.

श्रीपादनं हे सगळं माझ्या शेजारच्या बाकावर बसून वसुधाला सांगितलं, म्हणून मला कळलं. कुरणात त्याची सळईही मातीत शिरत नव्हती. आठशे मीटरचा सरळ पट्टा दगडासारखा घट्ट. मास्तर म्हणाले, गाई चरून चरून तसं झालंय. एका रेषेत चालणाऱ्या गाई त्याच गावात असायच्या!

वसुधा ऐकता ऐकता माझ्याकडे बघत होती. तिनं दांड्यावरून हात फिरवला.

“अहो, हा घोड्याचा नाही. घोडा जोडायला कडी कुठंय? आमच्या जिमखान्याच्या ग्राउंडवर पिचचा रोलर असाच होता, माळी लोक ओढायचे. हे बघा, रंगाखाली दांडा सहा जागी झिजलाय.”

“म्हणजे सहा माणसं,” श्रीपाद म्हणाला. “गेनाऊ, अगदी बरोबर.”

सतरा वर्षांत माझ्याकडे नीट बघितलं ते तिनंच.

सरपंचानं श्रीपादला माझ्यासमोरच गाठलं. तुम्ही पाहुणे आहात, मातीचं तेवढं बघा, असं बजावलं.

“मातीचंच बघतोय,” श्रीपाद म्हणाला.

त्यानं अहवालात धावपट्टी लिहिली, ती माणसांनी रोलर ओढून दाबली हेही लिहिलं, आणि एक प्रत हेलेनाला पाठवली. सरपंचानं त्याच्या प्राध्यापकांकडे तक्रार केली. पीएचडी वर्षभर लांबली. मास्तरांनी खोली रिकामी करायला लावली आणि निरोप घेताना भारताची तिकिटं मागितली. अशा माणसांची मला किळस येते.

पोलंडबाहेर पडायच्या परवान्यासाठी वर्षभर खेटे घालून हेलेना पुढच्या उन्हाळ्यात आली. डोक्याला रुमाल बांधलेली साधी बाई. श्रीपाद आणि वसुधा तिला घेऊन माझ्याकडे आले. माझ्या भावाची जागा कोणती, असं तिनं विचारलं. कोणालाच ठाऊक नव्हतं. तिनं पाचव्या खळग्यावर हात ठेवला.

स्टानिस्लावचा दुसरा होता. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात, शेडकडे परतताना उतारावर बर्फ होतं. तो घसरला, आणि मागून येणारा मी थांबलो नाही. इतका वेळ सगळ्यांना नावं ठेवली आणि हे मात्र शेवटी सांगतोय. त्या गावात राहून मलाही त्याचाच गुण लागला.

हेलेनानं डोक्याचा रुमाल सोडला आणि माझ्या पोटावरची धूळ हळूहळू पुसून काढली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. मी सांगणार नाही. मला रंग देऊ नका, कुंड्या ठेवू नका, पुसू तर मुळीच नका. मला गंजू द्या. दांडा मात्र लाकडाचा आहे, पावसात कुजेल. तेवढा आत नेऊन ठेवा, आणि दुसरा खळगा कोणाचा होता ते त्याच्याशेजारी लिहा.