शिंप्याचं आमेन

विश्वास का ठेवावा याची कारणं मी आयुष्यभर वाचली. येशूची रिकामी कबर, जीव गेला तरी साक्ष न बदललेले शिष्य, माणसाच्या मनातली न्यायाची ओढ. ग्रंथालयात नोकरी होती, त्यामुळे पुस्तकांना तोटा नव्हता. रविवारच्या तरुणांच्या वर्गात हीच कारणं मी खाली मान घालून सांगायचो. एकदा एका मुलीनं विचारलं, "आजोबा, हे सगळं पुस्तकातलं झालं. तुमचं स्वतःचं कारण कोणतं?"

मी पुस्तक मिटलं आणि वर्ग लवकर सोडला.

देवाकडे माझं एकच मागणं होतं: दादानं माझ्याशी बोलावं. आईच्या दफनाच्या दिवशी कबरीपाशीच शब्दाला शब्द वाढला आणि तेव्हापासून आम्हा भावांमधून विस्तव जात नव्हता.

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थनेच्या जोड्या लावतात. दर बुधवारी आपली विनंती जोडीदाराला सांगायची. त्यानं ती फक्त देवापुढे ठेवायची, बाहेर चकार शब्द काढायचा नाही. माझा जोडीदार शिंपी. तोंडाचा फटकळ, पण जिवाला जीव देणारा. त्याच्या दुकानात चिंध्यांच्या ढिगाशेजारी बसून आम्ही डोळे मिटायचो. मला वाटायचं, माझ्या तुटक शब्दांपेक्षा देव याचंच आधी ऐकेल.

आणि एका रविवारी, उपासना चालू असताना, दादा आला. माझ्या शेजारी बसला, माझा हात हातात घेतला आणि ढसाढसा रडला.

चारचौघांत बोलायची माझी छाती नाही. त्या दिवशी मात्र उभा राहिलो. त्या मुलीकडे पाहत म्हणालो, "देव प्रार्थना ऐकतो. हे बघ माझं कारण." सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं ते शिंप्यानं.

उपासनेनंतर दारापाशी चहा होता. वहिनीनं हळूच विचारलं, "भावजी, डॉक्टर काय म्हणतात?"

"कसले डॉक्टर?"

"आता लपवू नका. तुमचे शिंपी मित्र घरी येऊन सगळं सांगून गेलेत. थोडेच दिवस उरलेत म्हणाले."

"मला काही झालेलं नाही, वहिनी." थाप मारायची तर तीही मला वेळेवर सुचत नाही.

दादानं कप खाली ठेवला. "म्हणजे ठणठणीत आहेस?"

"हो."

"आणि इतक्या लोकांसमोर मला रडवलंस?"

"दादा, मला खरंच ठाऊक—"

"चल गं," तो वहिनीला म्हणाला. फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. शिंपी काजं करत होता.

"विनंती बाहेर फोडलीस. वर खोटं बोललास."

"अरे ग्रंथपाल, मग देवानं काय स्वतः बस पकडून तुझ्या भावाकडे जायचं होतं? मी गेलो. साधं सांगून तो उठेना, म्हणून जरा वाढवून सांगितलं."

"मी साक्ष दिली तेव्हा गप्प का बसलास?"

"तुझा चेहरा बघितला. कसं सांगणार?"

"गप्प तरी कुठे बसलास? आमेन म्हणालास."

त्यानं सुई कापडात टोचून ठेवली.

रविवारी वर्गात मी त्या मुलीला सांगितलं, "परवाचं माझं कारण धरू नकोस." काय घडलं तेही सांगितलं. तिनं विचारलं, "मग देवानं ऐकलं की नाही?"

"मला माहीत नाही." वर्गात तोवर मी कधीच असं उत्तर दिलं नव्हतं.

बुधवारी जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेलो. सवयच म्हणायची. शिंप्यानं माझ्यासाठी स्टूल झटकून ठेवलं होतं.

"विनंती सांग," मी म्हणालो.

"तू मला क्षमा करावीस," तो म्हणाला.

आम्ही डोळे मिटले. ही विनंती आता मी देवापुढे ठेवायची होती. बाहेरून कुणीतरी हाक मारून गेलं. शिंपी वाट बघत राहिला.

शेवटी तोच आमेन म्हणाला. मी काहीच मागितलं नव्हतं.