बॅनर आणायला पाठवलेली पोट्टी

शाळेतल्या संध्या मॅडमना त्या गावात कोणी वाईट म्हणणार नाही. अमरावतीहून रोज एसटीनं यायच्या आणि पोरांसाठी जीव टाकायच्या. यंदा त्यांनी मनावर घेतलं, की आठवडी बाजारात पथनाट्य करायचं: अठराच्या आतल्या पोरांच्या हाती गाडी देऊ नका. नवा नियम तसा कडकच. पोरगं सापडलं तर गुन्हा बापावर, गाडीची नोंदणी रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

इन्स्पेक्टरचं काम मिळालं नववीतल्या दामिनीला. पोट्टी मोठी खणखणीत. तिचा बाप किशोर वांगी-मेथी लावणारा माळी. तो पहाटेपासून वाफ्यात, म्हणून दामिनीच स्कुटीवर भाजीची गठुडी फाट्यावरच्या टेम्पोत टाकायची आणि तशीच शाळेत यायची. स्कुटी शाळेमागं लिंबाखाली लागायची. सगळ्या मास्तरांना ती दिसायची आणि कोणालाच दिसायची नाही. मॅडमनाही नाही. घरची अडचण आहे बिचारीच्या, असं म्हणायचं आणि नियमाचे संवाद लिहायला बसायचं.

नाटकाच्या दिवशी ते बघायला अमरावतीहून शिक्षण खात्याचे साहेब निघालेसुद्धा, आणि बॅनर चांदूर रेल्वेला छापखान्यात तसाच पडलेला. शिपाई रजेवर. मॅडमचा जीव खालीवर व्हायला लागला. समोर दामिनी खाकी शर्ट घालून उभी. "जा गं, पटकन घेऊन ये," त्या म्हणाल्या. झालं! हेल्मेट आहे का, एवढंही विचारायचं सुचलं नाही बाईंना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

वळणावर गिट्टी सांडलेली होती. स्कुटी घसरली, पोट्टीच्या पायाचं हाड मोडलं. अमरावतीच्या दवाखान्यात आणली तेव्हा अंगावर तोच शर्ट, आणि वॉर्डातले लोक इन्स्पेक्टरीण आली म्हणून हसत होते.

दामिनीनं बापाला सांगितलं, की मी आपल्या मनानं गेली. मॅडम तिथंच उभ्या होत्या. ऐकून त्यांना क्षणभर हायसं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून त्यांना स्वतःची किळस आली. तेवढ्यात हवालदार आला. किशोरनं कबूल केलं, की गाडी आपणच पोरीच्या हाती देत होतो. मग तो मॅडमपुढं हात जोडून म्हणाला, तुम्ही पोरीला एवढं शिकवलं आणि आम्ही तुम्हाला मान खाली घालायला लावली.

मॅडमना ते सोसवेना. त्या त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "किशोरभाऊ, तिला मीच पाठवलं होतं. बॅनर आणायला."

 किशोरचे जोडलेले हात सुटले.

"तं मंग पोलिसाले सांगा ना," तो म्हणाला. "मले कावून सांगून राहिल्या?"

खरंच होतं. त्याच्याकडून माफी हवी होती त्यांना, दुसरं काही नाही.

हवालदार गेटपाशी चहा पीत होता. मॅडमनी सगळं सांगून टाकलं, काहीच लपवलं नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, हा नियम मायबापाले धरते, गाडीमालकाले धरते. पाठवणाऱ्याचं त्याच्यात काही नाही. तुमी घरी जा."

माझं नाव लिहाच, असा त्यांनी हट्ट धरला. कशाला, म्हणून त्यानं कप ठेवला, किशोरच्या जबाबाचा कागद काढला आणि त्याला हाक मारली. किशोर आला. मॅडमकडं न बघता त्यानं विचारलं, सही कुठं करायची.