रखमाजी आबांची रिकामी मूठ

मित्रांनो, अंबडच्या कलीमभाईंच्या फोटो स्टुडिओतली मी एक जुनी झूम लेन्स. माझ्या पोटात सोळा भिंगे आहेत. माझी रिंग एका टोकाला फिरवली की अख्खा मांडव मावतो. दुसऱ्या टोकाला फिरवली की दूरच्या माणसाच्या कानातली बाळी दिसते. म्हणून मला आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यावरून सारखे उतरवावे लागत नाही आणि भर मांडवात कॅमेऱ्याच्या आत धूळ जात नाही. कमी उजेडात मात्र माझे फोटो तितके चांगले येत नाहीत, हेही खरे.

कलीमभाईंची मुलगी कशफ हिने मला कुणाकडून तरी जुनी विकत आणली. कलीमभाई तेव्हा गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "हे तं किराणा दुकान झालं. सगळं थोडं थोडं, बराबर काहीच न्हाई." मला वाईट वाटले. पण पुढची पाच वर्षे बारशी, लग्ने, शाळांची संमेलने कशफने माझ्यावरच काढली.

गेल्या उन्हाळ्यात आष्टीजवळच्या एका गावात शालूचे लग्न होते. तिच्या आजोबांचे, रखमाजी आबांचे, खुब्याचे हाड मोडलेले. गर्दीत धक्का लागू नये म्हणून त्यांची खाट मांडवापासून चाळीस पावलांवर लिंबाखाली टाकली होती. शालूने कशफला आधीच सांगितले होते, "ताई, आबा अक्षता टाकतानी फोटो पाह्यजे. बाकीचे राह्यले तरी चालतील."

मंगलाष्टके सुरू झाली. कलीमभाई व्हिडिओ घेत होते, कशफ स्टेजजवळ उभी होती. प्रत्येक 'सावधान'ला तांदूळ उडत, काही माझ्या कडेत अडकत. अंतरपाट खाली येतानाचा क्षण तिने आबांसाठी राखून ठेवला होता. शेवटच्या अष्टकाला तिने माझी रिंग पार दूरच्या टोकाला फिरवली आणि आम्हा दोघींना आबांची मूठ दिसली. ती रिकामी होती.

आबांना कमी ऐकू येते. पहिल्याच 'सावधान'ला, तोच शेवटचा समजून, त्यांनी सगळ्या अक्षता टाकून दिल्या होत्या, आणि आणखी द्यायला त्यांच्याजवळ कुणी नव्हते.

कशफ धावली. अंतरपाटाच्या वेळी फोटोवाल्याने स्टेज सोडायचे नसते; कलीमभाई बघतच राहिले.

आबा ओशाळून म्हणाले, "माह्या तं पहिल्यालाच संपल्या, पोरी."

कशफच्या ओढणीच्या घडीत बरेच तांदूळ साचले होते. ते तिने त्यांच्या तळहातावर झटकले. "ह्या घ्या, आबा. मी मान हलवली की टाका."

मांडव समोर येईल अशी ती खाटेच्या कडेला बसली आणि तिने माझी रिंग परत फिरवली. शेवटचा 'सावधान' झाला. पुढे आबांचा शिरा उठलेला हात, हवेत तांदूळ, मागे बोटाएवढा मांडव आणि खाली येणारा अंतरपाट. लगेच रिंग दुसऱ्या टोकाला. शालू नवरदेवाकडे नव्हे, लिंबाकडे पाहत होती.

तांदूळ मांडवापर्यंत पोहोचले नाहीत. खाटेपासून हातभर अंतरावर पडले. अल्बममध्ये मात्र ते उडतानाच आहेत. तो फोटो कलीमभाईंनी स्वतः सगळ्यांत मोठा छापून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदाच हातात धरले आणि माझ्या कडेतले हळदीकुंकवाचे कण आधी हवेने उडवले, मग ब्रशने काढले.

मित्रांनो, तुम्हीही माझ्यासारख्या लेन्सची काच सदऱ्याने पुसू नका. बारीक कणांनीही ओरखडे पडतात. आणि मी दूरचे माणूस जवळ दाखवले, तर तेवढ्यावर थांबू नका. त्याच्याकडे चालत मला जाता येत नाही. त्या दिवशी कशफ गेली, याबद्दल मी तिची आभारी आहे.